पॅशन फ्रूट : घरचा स्वयंपाक, गोड पदार्थ आणि धंद्याचा हिशोब

फळबाजारात गेल्या पंधरा-वीस वर्षांत काही नवी नावे आली. किवी आले, ड्रॅगन फ्रूट आले, आणि आता कुठे कुठे पॅशन फ्रूटही दिसू लागले आहे. किवी किंवा ड्रॅगन फ्रूट गिऱ्हाईक घरी नेते, कापते आणि खाते. पॅशन फ्रूटचे तसे नाही. नुसते चमच्याने खाल्ले तर ते आंबट लागते, बिया दाताखाली येतात आणि पहिल्यांदा घेणारा माणूस बहुधा दुसऱ्यांदा घेत नाही. हे फळ खाण्याचे कमी आणि वापरण्याचे जास्त आहे. ज्याच्या हातात हुनर आहे, मग तो शरबतवाला असो, बेकरीवाला असो, फालुद्याच्या दुकानाचा मालक असो की घरी दस्तरखान सजवणारी गृहिणी असो, त्याच्यासाठी हे फळ आहे. म्हणूनच त्याची चर्चा या पानावर करणे योग्य वाटते.

प्रस्तुत लेखक कापडाच्या तिजारतीतला माणूस आहे. इरोड, सेलम, कोइमतूर या बाजूला माल पाहण्यासाठी वर्षानुवर्षे जाणे-येणे होते. तिथून निलगिरीचा डोंगर जवळ, पलीकडे वायनाड आणि कोडगू. या भागात पॅशन फ्रूटचा रस, स्क्वॅश आणि जॅम दुकानादुकानांत दिसतो. तिथे जे पाहिले, विचारले आणि घरी करून पाहिले, ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसमोर ठेवीत आहे.

फळाची ओळख

पॅशन फ्रूटचे मूळ दक्षिण अमेरिकेतले. दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना हा त्याचा मुलूख. ते वेलीवर येते. आपल्याकडे अंगणात कृष्णकमळाचा वेल असतो, त्याच घराण्यातली ही वेल. फूलही तसेच असते. म्हणून काही जण या फळाला कृष्णफळ म्हणतात. ‘पॅशन’ या इंग्रजी नावाचा अर्थ अनेक जण ‘आवड’ असा लावतात, पण तो बरोबर नाही. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश ख्रिस्ती धर्मप्रचारकांना या फुलाच्या रचनेत आपल्या धर्मातील क्रूसाच्या प्रसंगाच्या खुणा दिसल्या. त्या प्रसंगाला ‘पॅशन’ म्हणतात, त्यावरून फुलाला आणि मग फळाला हे नाव पडले.

फळाच्या मुख्य जाती दोन. जांभळे फळ लहान, साधारण ३५ ते ४५ ग्रॅमचे, पण वासाला फार उमदे. पिवळे फळ मोठे, रस जास्त, मात्र आंबटपणाही जास्त. कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातील चेट्टळ्ळी येथे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे केंद्र आहे. तिथे या दोन जातींचा संकर करून ‘कावेरी’ ही जात तयार करण्यात आली. तिचे फळ जांभळे आणि आकाराने मोठे असते.

खरेदी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण फळ घेताना तुकतुकीत, ताठ सालीचे निवडतो. येथे उलट आहे. पॅशन फ्रूट पिकले की स्वतःच वेलीवरून गळते आणि दोन-चार दिवसांत त्याची साल थोडी सुरकुतते. अशी सुरकुतलेली, हाताला जड लागणारी फळे गोड निघतात. वजनाला हलके फळ आतून सुकलेले असते, ते घेऊ नये. हिरवे, कच्चे फळ कच्चेच खाऊ नये. त्यात अपायकारक द्रव्ये असतात आणि पिकल्यावर ती नाममात्र उरतात.

गुणाच्या दृष्टीने पाहता, १०० ग्रॅम गरात सुमारे ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि बियांसह खाल्ल्यास सुमारे १० ग्रॅम तंतू मिळतात. पोटॅशियमही चांगले असते. मात्र कोणत्याही फळाने आजार बरा होतो असे सांगून माल विकू नये. ते खरेही नसते आणि कायद्यातही बसत नाही.

कोण खाते, कोण पिकवते

जगात सर्वांत जास्त पॅशन फ्रूट ब्राझीलमध्ये पिकते आणि बहुतेक तिथेच खपते. तिथे त्याला ‘माराकुजा’ म्हणतात. हवाई बेटांवर ते ‘लिलिकोई’ आहे. दक्षिण आफ्रिकेत ‘ग्रॅनाडिला’. केपटाऊनमध्ये रत्नागिरी-रायगडकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्या शहरात ग्रॅनाडिलाचा गर ही घरोघरची वस्तू आहे. केकवरच्या साखरेच्या लेपात, पुडिंगमध्ये, आइस्क्रीमवर तो सर्रास पडतो आणि डब्यातही मिळतो. केनिया व युगांडात त्याचा रस रोजच्या पेयांपैकी एक आहे.

आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा दाखला इंडोनेशियाचा आहे. तिथे या फळाला ‘मार्किसा’ म्हणतात. सुमात्रातील मेदान आणि सुलावेसीतील मकास्सर ही शहरे मार्किसाच्या सिरपसाठी प्रसिद्ध आहेत. तिथे जाणारा पाहुणा परतताना सिरपच्या बाटल्या घेऊन येतो, जसे आपल्याकडे कोकणातून येणारा कोकमचे आगळ आणतो. डोंगरात पिकणारे नाशवंत फळ, शहरात ते टिकाऊ बाटलीत भरणारे कारखाने, आणि शहराच्या नावाशी जोडलेली वस्तू, असा हा धंदा उभा राहिला आहे. आखाती देशांतल्या ज्यूसच्या दुकानांतही, जी बरीचशी केरळी बांधव चालवतात, पॅशन फ्रूटचे पेय नेहमीचे झाले आहे. दुबई-कुवेतहून परतणाऱ्या आपल्या तरुणांना ही चव परकी नाही.

भारतात केरळचा इडुक्की व वायनाड, कर्नाटकातला कोडगू, तामिळनाडूतला निलगिरी, आणि ईशान्येकडे मणिपूर, नागालँड व मिझोराम या भागांत हे फळ पिकते. केरळ शासनाच्या नेल्लियामपती येथील शेतीफार्मवर तयार होणारा पॅशन फ्रूटचा स्क्वॅश पर्यटकांत चांगलाच ओळखीचा आहे. ईशान्येतील शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. डोंगरात माल तयार होतो, पण मोठी शहरे दूर, वाहतूक महाग, आणि फळ आठ-दहा दिवसांपलीकडे साध्या हवेत चांगले राहत नाही. जिथे रस काढण्याची सोय जवळ नाही तिथे चांगला माल रस्त्याच्या कडेला मिळेल त्या भावाने जातो. म्हणजे पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक नाही आणि शहरात मागणाऱ्याला माल नाही. हीच मधली जागा व्यापाऱ्याची असते. आपले बागवान बांधव पिढ्यान् पिढ्या फळांची हीच मधली जागा सांभाळत आले आहेत, हे सांगायला नको.

गर कसा काढावा

फळ आडवे कापावे. आत पिवळा, बुळबुळीत गर आणि काळ्या बिया दिसतात. चमच्याने सर्व काढून घ्यावे. बियांसह वापरायचे असेल तर येथेच काम संपले. नुसता रस हवा असेल तर गर मिक्सरच्या भांड्यात घालून एक-दोन वेळा फक्त क्षणभर फिरवावा आणि गाळणीतून चमच्याने दाबून गाळावा. मिक्सर जास्त फिरवला तर बिया फुटतात, रसात काळे कण येतात आणि चव बिघडते.

दोन नियम पाळावेत. पहिला, भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे. रस फार आंबट असल्याने तांबे, पितळ व अ‍ॅल्युमिनियम चालत नाही. दुसरा, रस उकळू नये. या फळाची सारी किंमत त्याच्या वासात आहे आणि वास आचेवर उडून जातो. शिवाय या रसात पिष्ट पदार्थ असतो, त्यामुळे जास्त तापवल्यावर तो खळीसारखा घट्ट होतो व भांड्याच्या तळाला चिकटतो. जिथे आच द्यावीच लागते तिथे मंद द्यावी आणि रस शेवटी घालावा.

काढलेला गर बर्फाच्या साच्यात गोठवून पिशवीत भरून ठेवला तर काही महिने उपयोगी पडतो. एका साच्यातील दोन खडे म्हणजे एक ग्लास शरबत, असा घरगुती हिशोब ठेवता येतो.

रोजच्या स्वयंपाकात

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या रोजच्या कालवणात आंबटपणासाठी चिंच, कोकम, लिंबू, टोमॅटो आहेत आणि ते स्वस्त आहेत. त्यांच्या जागी पॅशन फ्रूट घालणे शहाणपणाचे नाही. तासभर उकळणाऱ्या सालनात त्याचा वास राहत नाही, फक्त खर्च राहतो. जिथे पदार्थ कच्चा किंवा थोडक्यात शिजणारा आहे, तिथेच याची जागा आहे.

चटणी : तीन-चार फळांचा बियांसह गर, दोन हिरव्या मिरच्या, लसणीच्या दोन पाकळ्या, मूठभर ओले खोबरे, मीठ आणि चिमूटभर साखर. मिरची, लसूण, खोबरे आधी वाटून घ्यावे आणि गर हाताने मिसळावा. तळलेल्या मासळीबरोबर, कबाबाबरोबर ही चटणी फार छान लागते.

रायते : घट्ट दही, बारीक चिरलेली काकडी, पुदिना, मीठ आणि वर दोन फळांचा गर. पुलाव-बिर्याणीच्या बाजूला ठेवण्यास हा चांगला बदल आहे.

मासळी व कोळंबी : लिंबाऐवजी दोन चमचे रस, आले-लसूण, हळद, तिखट व मीठ लावून पंधरा-वीस मिनिटेच ठेवावे. जास्त वेळ ठेवल्यास आंबटाने मासळी फुसकी होते.

कचुंबर : कांदा, काकडी, गाजर किंवा कैरीच्या फोडी यांवर एका फळाचा गर, काळे मीठ आणि मिरपूड. तेल-व्हिनेगरची गरज राहत नाही.

साल : फळाच्या वजनात साल निम्म्याच्या आसपास असते. केरळात ती चिरून चटणी व लोणचे करतात. साल स्वच्छ धुऊन, वाफवून, बारीक चिरून लोणच्याचा मसाला, मीठ आणि व्हिनेगर घालावे. सालीत पेक्टिन असते, त्यामुळे वाफवलेल्या सालीचा आतला मऊ भाग खरवडून जॅममध्ये घातला तर जॅम घट्ट होण्यास मदत होते. सर्व साल कामी येत नाही, पण थोडी जरी आली तरी तेवढी नुकसानी कमी.

गोड पदार्थ

या फळाचा खरा इलाका गोड पदार्थांचा आहे. आपली मिठाई बरेचदा दूध, खवा आणि साखर यांनी जड होते. आंबट, सुगंधी गर त्यावर पडला की दोन घास जास्त जातात.

फिरनी : नेहमीप्रमाणे तांदळाची फिरनी करून मातीच्या वाट्यांत थंड करावी. देताना वर एक चमचा गर घालावा. गर गरम दुधात कधीही घालू नये, दूध फाटते. हाच नियम खीर आणि कस्टर्डला.

फालुदा : भिजवलेला सब्जा आणि पॅशन फ्रूटच्या बिया दिसायला सारख्याच, काळ्या आणि पारदर्शक गरात गुंडाळलेल्या. त्यामुळे फालुदा खाणाऱ्या गिऱ्हाइकाला बियांची अडचण वाटत नाही. सिरपच्या जागी दोन चमचे साखर घातलेला गर, शेवया, आइस्क्रीम आणि थंड दूध. दूध शेवटी आणि बर्फासारखे थंड असावे, लगेच द्यावे.

ब्राझीलचे मूस : हा पदार्थ ब्राझीलमध्ये घरोघर होतो आणि त्याला चूल लागत नाही. ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, पाव किलो ताजी साय किंवा क्रीम आणि १५० ते २०० मिलिलिटर रस एकत्र फेटून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवावे. रसाच्या आंबटाने कंडेन्स्ड मिल्क आपोआप घट्ट होते. वरून बियांसह गर घातला की काम झाले.

हॉटेलांत आणि तयार पाकिटांत मूस व जेली घट्ट करण्यासाठी अनेकदा जिलेटिन घालतात. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. म्हणून आपल्या गिऱ्हाइकासाठी काम करणाऱ्याने चायना ग्रास वापरावा. तो समुद्री शेवाळापासून होतो. १० ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा, साखर घालावी, आचेवरून उतरवावा आणि मगच पाव लिटर रस मिसळावा. रसाबरोबर उकळला तर आंबटामुळे तो नीट गोठत नाही.

बेकरीसाठी कर्ड : अर्धी वाटी रस, १५० ग्रॅम साखर, दोन अंडी व एक पिवळा बलक एकत्र फेटावे. भांडे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवून सतत ढवळावे. चमच्याच्या पाठीला थर धरू लागला की उतरवून १०० ग्रॅम लोणी मिसळावे. उकळी आली तर अंडे फाटते. हे कर्ड केकच्या दोन थरांत, टार्टमध्ये, क्रीम रोलमध्ये भरता येते. फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. बेकरीवाल्या बांधवांनी याचा जरूर विचार करावा, कारण थोड्या रसात बरेच नग होतात.

शरबताचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. कापडाच्या धंद्यात आम्ही कोरा तागा घेतो तेव्हा प्रोसेसला गेल्यावर तो किती आटेल, हे आधी धरतो. जो हे धरत नाही तो भाव स्वस्त समजून माल उचलतो आणि शेवटी घरचे घालतो. पॅशन फ्रूटमध्ये ही घट फार मोठी आहे. साल आणि बिया गेल्यावर वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा रस मिळतो. म्हणजे तीन किलो फळाला अंदाजे एक लिटर रस.

एक लिटर रस, पावणेदोन किलो साखर आणि सव्वा लिटर पाणी घेतले की सुमारे सव्वातीन लिटर स्क्वॅश होतो. साखर-पाण्याचा पाक आधी करून, पूर्ण थंड करून, मग रस मिसळावा. फळ गोडसर असेल तर थोडे सायट्रिक अ‍ॅसिड घालावे. एका भागाला तीन भाग थंड पाणी धरल्यास २०० मिलिलिटरचे साठ-पासष्ट ग्लास होतात.

समजा फळ १०० रुपये किलोने पडले आणि साखर ४५ रुपयांनी. तीन किलो फळाचे ३००, साखरेचे ८०, एकूण ३८० रुपये. ग्लासामागे सहा रुपयांच्या आत. तेच फळ २०० रुपयांनी पडले तर खर्च ६८० रुपये आणि ग्लासामागे साडेदहा रुपये. त्यावर बर्फ, गॅस, ग्लास, मजुरी आणि जागेचे भाडे वेगळे. हे आकडे केवळ हिशोबाची पद्धत दाखवण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपल्या बाजारचा भाव घालून पाहावे. मोठ्या शहरांतल्या चैनीच्या दुकानात नगावर विकले जाणारे फळ घेऊन शरबताचा धंदा होणार नाही, हे मात्र यावरून स्पष्ट होते. त्यासाठी माल थेट उत्पादक भागातून, बहाराच्या दिवसांत, किंवा गोठवलेल्या गराच्या रूपात आला पाहिजे.

बाटलीवर ‘स्क्वॅश’ लिहायचे असेल तर आपल्या देशातील नियमांप्रमाणे त्यात किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ४० टक्के विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, असावी लागते. वरील प्रमाण त्यात बसते. काही डोंगरी पर्यटनस्थळांवर अशाही बाटल्या दिसतात की बाहेर फळाचे मोठे चित्र, आणि मागच्या बारीक अक्षरांत साखर, रंग व कृत्रिम वास. असा माल घेऊ नये आणि विकूही नये. जो शब्द लेबलवर लिहिला तो आपला कौल असतो.

रमजान आणि हंगाम

शरबताचा धंदा करणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट कॅलेंडर समोर ठेवून पाहावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये सुरू झाला, २०२४ साली मार्चमध्ये, २०२६ साली फेब्रुवारीत. २०३० साली तो जानेवारीत येईल. १९९८ च्या सुमारास तो ऐन थंडीत होता, हे जुन्या दुकानदारांना आठवत असेल. म्हणजे इफ्तारच्या थंड शरबताची मागणी उन्हाळ्यात होती तशी पुढील काही वर्षे राहणार नाही. जो फक्त बाटल्या भरून ठेवील तो अडचणीत येईल. जो तोच रस फिरनी, मूस, केक आणि फालुदा यांत वळवील त्याला थंडीतही गिऱ्हाईक मिळेल. शरबताचा मोसम उन्हाळा आहेच, तो रमजानपासून आता वेगळा धरावा लागेल.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

मंदीच्या काळात यंत्रमागावरचे काम कमी झाले की अनेक घरांत जोडधंद्याचा विचार सुरू होतो. बहिणी घरून लोणची, शरबते करतात आणि साठवलेली रक्कम त्यात घालतात. ही रक्कम बहुधा मुलांच्या शिक्षणाची किंवा लग्नाची असते. म्हणून दोन शब्द सावधगिरीचे.

कापड दुकानात वर्षभर पडले तर भाव उतरतो, पण तागा कुजत नाही. फळ कुजते. म्हणून पहिल्या दिवशी क्विंटलचा सौदा करू नये. तीन किलो फळ आणून, घट स्वतः मोजून, वहीत लिहावी. दहा ओळखीच्या घरांत, दोन दुकानांत नमुना द्यावा आणि तोंडदेखली तारीफ न ऐकता पैसे देऊन दुसऱ्यांदा कोण घेतो ते पाहावे. यंत्र घेण्याची घाई करू नये, गाळणी आणि डीप फ्रीजर यांवर बराच काळ काम भागते. विकण्याआधी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या या कायद्याप्रमाणे छोट्या घरगुती धंद्यालाही ती आवश्यक आहे. टिकवण्यासाठी काही घालायचे असेल तर ते ठरलेल्या मर्यादेत, वजन करून, आणि लेबलवर लिहून. उधारी तर पहिल्या सहा महिन्यांत ठेवूच नये. नाशवंत मालाची उधारी दोनदा बुडते, माल जातो आणि पैसाही.

बागवान बांधवांना सुचवावेसे वाटते की त्यांनी वायनाड-कोडगूकडील मालाची चौकशी करून दोन-चार बेकऱ्या आणि फालुद्याची दुकाने मिळून एकत्र मागणी नोंदवावी. एकट्या दुकानाला पाच किलो माल परवडत नाही, दहा दुकानांना मिळून पन्नास किलो परवडतो. ज्यांच्या घरी गच्ची किंवा अंगण आहे त्यांनी एक वेल लावून पाहण्यास हरकत नाही. द्राक्षासारखा मांडव लागतो, साधारण वर्षभरात फळ धरू लागते आणि वेल पाच-सहा वर्षे चालते. त्यातून धंदा होणार नाही, पण फळ केव्हा पिकते, किती आटते आणि घरच्यांना कशात आवडते, हे कळेल. एवढे कळल्यावर पैसा घालायचा की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या वहीतील आकडे पाहून घ्यावा.